सरांच्या गाडीचा पिवळा दिवा

"परत पेटला रे, हाफिज." अविनाश सरांनी गाडी माझ्या गॅरेजच्या तोंडाशी उभी केली आणि काच खाली करून सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. चौथी वेळ! चाक घसरू लागलं तर गाडीला आवरणारं ते ट्रॅक्शन कंट्रोल, त्याचा पिवळा दिवा. तो पेटला की सरांच्या गाडीचा थ्रॉटल मरायचा; अ‍ॅक्सिलेटर कितीही दाबा, गाडी नुसती रांगायची. स्कॅनर लावला की एकच रडगाणं : ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर, दोन्हींचा सिग्नल एकदम येतोय. म्हणून मी ब्रेकचा स्विच बदलला. वायरिंग तपासलं. थ्रॉटल काढून साफ केला. चाकाचा सेन्सरही नवा घातला. माझ्या हातात गाडी मख्खन चालायची आणि सरांकडे गेली की दोन दिवसांत बोंब.

पनवेलमध्ये बावीस वर्षं गॅरेज आहे माझं. 'मला नाही जमलं' असं एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही. आणि हे तर मला आठवीत गणित शिकवलेले सर.

"शनिवारी सत्यजीत येतोय पुण्याहून," सर म्हणाले. "गाडी विकूनच टाका म्हणतो. त्याच्या आईला, वसुंधराला, डायलिसिसला मग कोण नेणार? मी आहे तोवर मीच नेणार. बघ बाबा काहीतरी."

"काय बघू, सर? आता बोनेटमध्ये मीच जाऊन बसायचा राहिलोय!" मी ओरडलोच. मग लाज वाटली.

माझे उस्ताद यासीनचाचा सांगायचे, ट्रायलला गिऱ्हाईक सोबत घ्यायचं नाही, नसलेले आवाज ऐकवतं. बावीस वर्षं मी ते पाळलं. त्या दिवशी मात्र चिडून पाना फेकला. "चला. तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो."

उलव्याच्या रस्त्याला लागलो. पुलाच्या चढावर दिवा पेटला आणि गाडी मेली. मागच्या डंपरवाल्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. एकाने शेजारून जाताना मुंडकं बाहेर काढलं.

"ओ काका, चढावर बिरेक कशाला मारता? मागं लाल बत्ती पेटलेली हाय!"

सरांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मी खाली वाकून बघितलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलेटरवर. डावा, चपलेसकट, ब्रेकवर.

"सर, डावा पाय काढा."

"डावा? तो खालीच आहे की."

"ब्रेकवर आहे."

"काहीतरीच काय!" म्हणत त्यांनी मान वाकवली आणि बघतच राहिले. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून तो पाय उचलला, बाजूला ठेवला. "शुगरनं बधिर झालाय, माहीत होतं," ते म्हणाले. "पण इतका?"

चाळीस वर्षं क्लच दाबलेला पाय. या गाडीत क्लच नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला माझाच राग आला. गाडी बिचारी चार वेळा खरं सांगत होती आणि मी तिचीच आतडी उसवत बसलो होतो. पहिल्याच दिवशी शेजारी बसलो असतो तर! आणि आता वाटत होतं, बसलोच नसतो तर बरं झालं असतं.

"म्हणजे गाडीत काही नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

ते उतरले आणि वळसा घालून माझ्या दाराशी आले. "सरक. तू चालव."

गॅरेजशी मी गाडी थांबवली. मग सर म्हणाले, "सत्यजीतला फोन कर. सांग, गाडी कामातून गेली. पायाचं मी सांगेन सावकाश. तिला रिक्षानं नेईन."

मी फोन लावला. "सत्यजीतभाऊ, सरांची गाडी… मला नाही जमलं."

"इतके पार्ट बदललेत आणि आता सांगताय, हाफिजभाई? मी बाबांना म्हटलंच होतं, चांगल्या मेकॅनिकला दाखवा."

"हो. चुकलंच माझं."

सर बाकावर बसून ऐकत होते, डावा पाय हातानं चोळत. मी गाडी आत घ्यायला चावी फिरवली. इंजिन काय सुरेख लागलं. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.