ओळखीचा आवाज

ऊर्मी वैरागडे लग्न होऊन नागपूरहून चेन्नईजवळच्या आवडीला आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. नवरा दर्शन तिथल्या संरक्षण कारखान्यात होता. वर्षभर घरी बसून कंटाळल्यावर तिने अंबत्तूरच्या एका कंपनीत नोकरी धरली. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवत, ते इथे येई आणि दिवसभर चाळीस जण कानाला हेडफोन लावून टाइप करत.

शेजारच्या टेबलावर सरोजा राव बसत. तंजावरच्या मराठी घरातल्या, पन्नाशीच्या, आधी एका वकिलाकडे सोळा वर्षं टायपिस्ट. पहिल्याच दिवशी ऊर्मीला फोनवर आईशी बोलताना ऐकून त्यांनी मान वळवली होती. "मराठी की तू?" त्यांची मराठी ऊर्मीला जुन्या पत्रांतल्यासारखी वाटायची, बोलण्याची चाल मात्र तमिळ होती. ऊर्मी त्यांना सरोजाक्का म्हणू लागली.

२००५ साली ऊर्मीने संगणक सुरक्षेच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी क्लास लावला. क्लास रविवारी चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला, सरोजाक्कांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सुटला की ती त्यांच्याकडे जेवायला जायची. दह्यातली डांगर पच्चडी वाढता वाढता त्या विचारायच्या, "आज काय शिकलीस?" ऊर्मी सांगायची की माहिती नको त्याच्या हाती पडू नये, कोणी ती परस्पर बदलू नये आणि लागेल तेव्हा ती मिळावी, या तिन्हींची काळजी घ्यायची.

"आमचा वकील हे अस्कं एका कपाटाच्या किल्लीवर करत होता," सरोजाक्का म्हणाल्या. अस्कं म्हणजे सगळं, हे ऊर्मीला एव्हाना कळत होतं.

सप्टेंबरात अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलने कळवलं की त्यांचा माणूस तपासणीला येणार आहे. मॅनेजर नारायणस्वामींनी ऊर्मीला केबिनमध्ये बोलावलं. ती काय शिकते आहे ते त्यांना ठाऊक होतं. कुणी खोटं बोलून आपल्या लोकांकडून पासवर्ड काढू शकतं का, हे त्यांना आधीच पाहायचं होतं. "तूच फोन कर. कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

ऊर्मीला अभ्यासातलं प्रत्यक्ष करून पाहायला मिळणार याचा आनंद झाला. तिने रिकाम्या कॉन्फरन्स रूममधून बावीस जणांना फोन लावले. आवाज जरा जाड करून, इंग्रजीत, ती सांगायची: सिस्टम्स विभागातून बोलतेय, सर्व्हर बदलतोय, दहा मिनिटांत तुमचं खातं बंद पडेल, पासवर्ड सांगा. घाई आणि धाक, दोन्ही पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. चौदा जणांनी सांगितला. सरोजाक्कांनी तर एकेक अक्षर सुटं करून सांगितला आणि शेवटी "सरि मा", म्हणजे बरं गं, म्हणून फोन ठेवला.

रिपोर्टमध्ये तिने सगळी नावं लिहिली. अपुरा रिपोर्ट कसा द्यायचा, एवढाच विचार तिने केला होता. सोमवारी ती चौदा नावं नोटीस बोर्डावर लागली आणि त्या सगळ्यांना हॉस्पिटलच्या कामावरून काढल्याचं खाली लिहिलेलं होतं. तिसरं नाव सरोजा राव.

दुपारी डबा उघडल्यावर सरोजाक्का म्हणाल्या, "तो फोन तू केलास, ते मला पहिल्या वाक्याला कळलं."

ऊर्मीने घास खाली ठेवला. "मग सांगितलात कशाला?"

"तू मागितलंस म्हणून. तुला काही अडलं असेल वाटलं. दोन वर्षं शेजारी बसतेस. तुझा आवाज मला कळत नाही की?"

ऊर्मीकडे पुस्तकातलं उत्तर होतं. समोरचा माणूस कोण हे पटणं एक आणि त्याला ती गोष्ट मागायचा अधिकार असणं दुसरं. हा फरक तिने परवाच वहीत दोनदा लिहिला होता. पण तो आत्ता सरोजाक्कांना सांगणं तिला जमेना. त्या डबा झाकून उठून गेल्या.

त्या रविवारी क्लास सुटल्यावर ऊर्मी सरळ स्टेशनवर गेली.

पुढच्या बुधवारी सरोजाक्कांच्या खात्यात दुसऱ्या एका दवाखान्याचे चाळीस रिपोर्ट अडकले. खरे सिस्टम्सवाले अनंतकृष्ण तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या इमारतीत बसत. त्यांनी नेहमीप्रमाणे फोन केला आणि नेहमीप्रमाणे पासवर्ड मागितला.

"सांगणार नाही," सरोजाक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "तुम्ही इथे या. मी माझ्या हाताने टाइप करते."

अनंतकृष्णांनी समजावलं, मग आवाज चढवला. सरोजाक्कांनी फोन ठेवला. ते स्कूटरवरून येईपर्यंत, मध्ये दुसरीकडचं काम उरकून, तीन तास गेले. रिपोर्ट उशिरा पोचले आणि संध्याकाळी तक्रार आली. नारायणस्वामींनी सरोजाक्का, अनंतकृष्ण आणि ऊर्मी, तिघांनाही बोलावलं.

"मागच्या आठवड्यात पासवर्ड दिला म्हणून चूक, या आठवड्यात दिला नाही म्हणून काम बंद," ते म्हणाले. "मी करायचं काय?"

सरोजाक्का ताठ उभ्या होत्या.

"सर, आज त्यांनी बरोबर केलं," ऊर्मी म्हणाली. "माझा रिपोर्टच चुकला. आपले सिस्टम्सवाले दर महिन्याला फोनवर पासवर्ड मागतात. तो सांगायची सवय आपणच लावली आणि नावं मात्र चौदा जणांची लावली. ती बोर्डावरून काढा."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सुचलं नाही."

नारायणस्वामींनी अनंतकृष्णांकडे पाहिलं. तेव्हा अनंतकृष्णांनी कबूल केलं की पासवर्ड न मागता खातं उघडायची सोय त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे, पण मागणं सोपं पडतं. अर्ध्या ऑफिसचे पासवर्ड त्यांच्या एका वहीत लिहिलेले होते. ती वही दुसऱ्या दिवशी फाडली. दोन दिवसांत सगळ्यांचे पासवर्ड बदलले. सिस्टम्सवाले पासवर्ड कधीच मागणार नाहीत आणि कुणी मागितलाच तर फोन ठेवून सिस्टम्सच्या ठरलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा, असा नियम झाला. बोर्डावरचा कागद निघाला आणि चौदाही जण आपापल्या कामावर परत आले. सरोजाक्का ऊर्मीशी कामापुरतं बोलू लागल्या, तेही इंग्रजीत.

तिसऱ्या रविवारी ऊर्मी धीर करून त्यांच्या दारात उभी राहिली. सरोजाक्कांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दुसरं ताट मांडलं.

"पुन्हा असली परीक्षा घेशील?" त्यांनी मराठीत विचारलं.

"घ्यावी लागेल. सर दर वर्षी घ्या म्हणतात."

"मग आधी सांग."

"आधी सांगितलं तर लोक सावध होतील, अक्का."

"दिवस सांगू नकोस. घेणार आहेस एवढं सांग. आणि नावं तुझ्याजवळ ठेव."

ऊर्मी मान खाली घालून म्हणाली, "माझं चुकलं."

"चुकलं," सरोजाक्का म्हणाल्या आणि तिच्या भातावर रसम वाढलं.