नाव विसरलेला कॅमेरा

त्या दुपारी वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आश्रमातली सगळी मंडळी तर होतीच. शिवाय शेजारच्या इमारतींतले लोक होते, औषधांच्या दुकानातला विक्रेता होता आणि सासूबाईंना भेटायला एरवी वर्षानुवर्षे न फिरकणारे एक जावईही खुर्ची अडवून बसले होते. टेबले भिंतीशी सरकवली होती. मधोमध जांभळ्या मखमलीने झाकलेली एक पेटी होती. तिला पेटी म्हणायचे नाही, ‘शुद्धिपीठ’ म्हणायचे, अशी सक्त सूचना होती. पीठावर भिंतीवरून उतरवलेला एक मेलेला कॅमेरा होता. त्याची तार मखमलीच्या एका भोकातून आत गेली होती आणि त्याचा लाल दिवा केविलवाणा लुकलुकत होता.

“यंत्र मरत नाही, मंडळी,” बंद पडलेल्या यंत्रांची ‘शुद्धी’ करणारे नेत्रमहाराज म्हणाले. त्यांचा आवाज मधात भिजवल्यासारखा होता. “यंत्र रुसतं. डोळा फुटत नाही, डोळा मिटतो. का मिटतो? नको ते पाहावं लागलं, म्हणून मिटतो!”

“तार जोडल्याशिवाय रुसवा जात नाही का हो?” मागून आवाज आला. हे निवृत्त वकीलआजोबा. आश्रमात त्यांची उलटतपासणी अजून थांबलेली नव्हती.

“शक्तीला वाट लागते, आजोबा.”

“वाट कोणाची लागते, ते बघू.”

हशा पिकला. महाराजही हसले आणि त्यांनी डोळे मिटले. “मी तळहात धरला की बटण दाबा.” व्यवस्थापकांनी बटण दाबले. महाराजांचा तळहात कॅमेऱ्यावर थरथरू लागला. लाल दिवा विझला, पुन्हा लागला, झरझर लुकलुकला आणि बघता बघता हिरवा, स्थिर झाला. भिंतीवरच्या टीव्हीत भोजनगृह उमटले. गर्दीने स्वतःलाच पडद्यावर पाहिले आणि एकच टाळ्यांचा कडकडाट झाला.

आश्रमातले सगळे कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारी कार्यालयातली मुख्य पेटी काही दिवसांपूर्वी एकाच दुपारी, एकाच वेळी बंद पडली होती. सुटा कॅमेरा बिघडला असता, तर कोणी महाराजांना बोलावले नसते. पण सगळेच एकदम गेले, म्हणजे ‘काहीतरी आहे’ असे लोकांनी ठरवून टाकले. त्याच दिवशी सकाळी ओसरीत एक आजी पडल्या होत्या आणि त्यांचे मनगट मोडले होते. कशा पडल्या, हे त्यांना सांगता येत नव्हते. स्मरण अलीकडे दगा देत असे. त्यांचा मुलगा तणतणत आला, तेव्हा त्याला कळले ते इतकेच, की आईजवळ सर्वांत आधी सापडली ती आया. तिला सारेजण मावशी म्हणत.

“मावशीनंच ढकललं असेल,” मुलगा म्हणाला होता. “दाखवा मला चित्रण.”

चित्रण दाखवायला पेटीच चालू नव्हती.

महाराजांनी आता डोळे उघडले. “पण हा डोळा मिटवला कोणी? ज्या हातानं या घराचा प्रकाश बंद केला, तो हात इथंच आहे.”

सगळ्या माना वळल्या. रोज दुपारी विश्रांतीच्या वेळी कार्यालयाचा आणि कॅमेऱ्यांचा मुख्य स्विच मावशीच बंद करत असे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मावशी दारात पाण्याचे तांबे घेऊन उभी होती. “स्विच मीच बंद केला, बाई,” ती म्हणाली. हे तिने महाराजांना नव्हे, डॉक्टरीणबाईंना सांगितले. “पण तो मी रोज करते. तुम्हीच तर सांगितलंय.”

डॉक्टरीणबाई आश्रमाच्या संचालक होत्या. शरीरशास्त्र शिकलेल्या, वाचन दांडगे, भाषणात ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा शब्द हमखास येणारा. त्यांनी या वेळी एक वाक्य बोलायला हवे होते: ‘हो, मी सांगितले आहे.’ पण पुढ्यात संतापलेला मुलगा होता, पोलिसांचे नाव दोनदा निघाले होते आणि गर्दीला गुन्हेगार सापडल्याचे समाधान झाले होते. ते समाधान मोडण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

“उद्या मुख्य पेटीची शुद्धी,” महाराज म्हणाले. “तिची जुनी स्मृती धुवावी लागेल. आणि तोवर हा हात या छपराखाली नको.”

“मावशी,” डॉक्टरीणबाई नजर चुकवून म्हणाल्या, “दोन दिवस घरी राहा.”

मावशीने तांबे खाली ठेवले. एकही पाण्याचा थेंब सांडला नाही.

बाकीचे कॅमेरेही महाराजांनी एकेक उतरवून पीठावर ‘शुद्ध’ केले आणि ते परत भिंतींवर लागले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई कार्यालयात एकट्या बसून संगणकाच्या पडद्यावर जिवंत झालेले कॅमेरे बघत होत्या. मन लागत नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना ते दिसले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचे नाव असे: ‘ओसरी’, ‘बाग’, ‘स्वयंपाकघर’. ती नावे त्यांनीच हौसेने दिली होती. आता प्रत्येकाचे नाव नुसते ‘कॅमेरा’ होते आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते.

बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर आला, की त्याला आपले नाव आठवते. हे कॅमेरे शुद्धीवर आले नव्हते. ते नव्याने जन्माला आले होते. आणि मुख्य पेटीही उद्या अशीच सगळे विसरून जन्माला येणार होती. मग त्या सकाळी ओसरीत काय घडले, हे जगात कोणालाच कळणार नव्हते. मावशीवरचा डाग मात्र राहणार होता.

त्यांनी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. हे काम त्या पहिल्याच दिवशी करू शकल्या असत्या.

“सगळे एकदम गेले?” पलीकडची मुलगी म्हणाली. तिला याचे मुळीच नवल वाटलेले दिसले नाही. “अपडेट चालू असताना वीज गेली होती का, मॅडम? कॅमेऱ्याच्या पोटात त्याला चालवणारं मूळ सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते बदलत असताना वीज तोडली, तर जुनं पुसलेलं असतं आणि नवं अर्धवट असतं.”

“मग ते मेलं?”

“नाही हो. त्याचा एक छोटा भाग शाबूत राहतो. कॅमेरा सुरू केला, की तो भाग काही क्षण तारेवर हाक मारतो: कोणी मला माझं सॉफ्टवेअर देतं का? ठरलेल्या पत्त्यावर एखादा संगणक ती फाइल घेऊन बसलेला असला, तर तो घेतो आणि उभा राहतो. आमच्या पुस्तिकेतच आहे ते.”

जिन्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत महाराजांच्या शुद्धीच्या वेळी शिडी पोचली नव्हती, म्हणून तो अजून मेलेलाच होता. डॉक्टरीणबाईंनी माळीकाकांकडून तो उतरवून घेतला. मुलीने सांगितलेली फाइल लॅपटॉपवर घेतली, लॅपटॉपला तो ठरलेला पत्ता दिला, तार जोडली आणि बटण दाबले. लाल दिवा विझला, लागला, झरझर लुकलुकला. हिरवा झाला.

कोणी तळहात धरला नव्हता. टेबलावर चहाचा कप होता, तेवढाच काय तो साक्षीला.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी कानशिले तापली.

“मुख्य पेटीचंही असंच करता येईल?” त्यांनी विचारले.

“येईल. पण आधी तिच्यातली डिस्क काढून ठेवा, मॅडम. जुनं चित्रण डिस्कवर असतं, फर्मवेअर वेगळ्या जागी. घाईत सगळं पुसलं जाऊ शकतं.”

फोन ठेवून त्यांनी व्यवस्थापकांना बोलावले. या गृहस्थांना आश्रमात ‘होबाई’ म्हणत. कारण उघड होते.

“आजींचं चित्रण बघण्यासाठी अपडेट तुम्ही लावलं होतं?”

“हो बाई. पेटी म्हणत होती, आधी अपडेट करा, मग दाखवते.”

“सगळ्या कॅमेऱ्यांना एकदम?”

“हो बाई.”

“आणि ते चालू ठेवून जेवायला गेलात?”

“हो बाई.”

“स्विच बंद करू नको, असं मावशीला सांगितलं होतं?”

 मग त्यांच्या तोंडून बहुधा प्रथमच निघाले, “नाही बाई.” आणि खाली बघत त्यांनी भर घातली, “महाराजांनी विचारलं, स्विच कोण बंद करतं? मी सांगून टाकलं. मला वाटलं, माझ्यावरचं टळेल.”

डॉक्टरीणबाईंच्या ओठावर कठोर शब्द आला होता. तो त्यांना गिळावा लागला. स्विचचा नियम कोणाचा होता? वीज वाचवण्याच्या उत्साहात त्यांनीच केलेला. त्यात एकच मोकळीक त्यांनी दिली नव्हती: कारण विचारण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मावशीच्या खोलीवर गेल्या. मावशी कपडे वाळत घालत होती. तिने या म्हटले नाही.

“चोरासारखं बाहेर काढलंत,” ती पिळा झटकत म्हणाली. “आता कशाला? साक्षीला?”

“तुझं खरं होतं. ते मी तेव्हा म्हणायला हवं होतं.”

“मग चारचौघांत म्हणा. इथं दोरीवरच्या कपड्यांना सांगून काय उपयोग?”

दुपारी गर्दी आदल्या दिवसापेक्षा दाट होती. मावशी आली, पण आत आली नाही, दाराच्या चौकटीशी उभी राहिली. महाराज पीठ घेऊन आले, तर मधल्या जागी स्वयंपाकघरातले भाजी चिरायचे स्टूल होते. त्यावर मुख्य पेटी होती, शेजारी लॅपटॉप. डिस्क डॉक्टरीणबाईंनी आधीच काढून ठेवली होती.

“आज पीठाऐवजी हे चालेल?” त्यांनी विचारले.

“स्टूल?” महाराज हसले. “बाई, शुद्धी म्हणजे भाजी नव्हे!”

डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकलेली गोष्ट साध्या शब्दांत सांगितली. मग बटण दाबले. सगळ्या भोजनगृहाने श्वास रोखला. लाल दिवा विझला, लागला, झरझर लुकलुकला आणि हिरवा झाला. या वेळी टाळी वाजली नाही. लोक एकमेकांकडे पाहत होते आणि आदल्या दिवशी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवणारे जावई छताकडे.

“पीठ उघडून दाखवता का, महाराज?” वकीलआजोबा म्हणाले.

“पीठ उघडलं, तर अनर्थ होईल!”

“माझं वय बघा. माझ्यावर होऊ द्या.” आजोबांनी काठीच्या टोकाने मखमल उचलली. आत एक लहानसा संगणक होता, बॅटरी होती आणि त्यांना थंड ठेवणारा पंखा घूं घूं करत होता.

महाराजांचा मध एकाएकी आटला. “मग काय बिघडलं? कॅमेरे चालू झाले ना? दुरुस्ती केली ना मी?”

“केलीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुरुस्ती म्हणून केली असतीत, तर तुम्हाला नमस्कार करून मजुरी दिली असती. पण तुम्ही मजुरीवर थांबला नाहीत, एक माणूस मागितलंत. आणि मी ते दिलं.”

त्यांनी पेटी बंद केली, डिस्क पुन्हा आत बसवली, पेटी सुरू केली. टीव्हीवर ओसरी दिसू लागली. ती पडण्याची सकाळ.

आजी ओसरीतल्या बाकावर बसल्या होत्या. कोणाची तरी वाट पाहत होत्या. मग चौकटीत डॉक्टरीणबाई आल्या, मान खाली, नजर हातातल्या फोनवर. आजींनी हात पुढे केला. ओठ हलले. डॉक्टरीणबाई त्या हातापासून वीतभर अंतरावरून पुढे निघून गेल्या. आजी बाकाला धरून उठल्या, त्यांच्या मागे दोन पावले गेल्या आणि घसरल्या. तोवर ओसरी रिकामी झाली होती. पलीकडच्या टोकाकडून मावशी धावत आली. तिने अंगावरची शाल काढली, घडी केली आणि आजींच्या डोक्याखाली सरकवली.

चित्रण थांबवण्याचे बटण डॉक्टरीणबाईंच्या हाताखालीच होते. हे त्यांनाही नवे होते. तो हात त्यांनी पाहिलाच नव्हता. बोट बटणावर गेले आणि मागे आले. त्यांनी ते सगळे, शेवटपर्यंत, सगळ्यांना पाहू दिले.

आजींचा मुलगा उठला. तो मावशीकडे गेला, तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्याने हात जोडले.

“मंडळी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाषणातला तो सराईत आवाज कुठे गेला होता, कोण जाणे. “स्विच बंद करायचा नियम माझा. आजींना न पाहणारे डोळेही माझे. मावशीचा काही दोष नव्हता, हे मला काल ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. मी शिकलेली आहे; पण शिक्षण खिशात ठेवून चालत नाही, वेळेला बाहेर काढावं लागतं. यापुढं कोणी म्हणालं, की अमक्याच्या दोषानं यंत्र बंद पडलं, तर आधी विचारा, तार कुठून कुठं जाते? वीज कधी गेली? बनवणाऱ्याला कोणी विचारलं का? एवढं विचारून झाल्यावर माणसाकडं बोट दाखवा. बहुतेक वेळा तोवर ते खाली आलेलं असेल.”

नेत्रमहाराज पीठ उचलून मागच्या दाराने कधी गेले, ते फक्त नव्याने हिरव्या झालेल्या कॅमेऱ्याने पाहिले.

डॉक्टरीणबाई मावशीपाशी गेल्या. “मला माफ कर.”

“बघू,” मावशी म्हणाली. “आजींना औषध दिलंय का कोणी?”

कोणी दिले नव्हते. मावशी आत गेली. थोड्या वेळाने विश्रांतीची वेळ झाली, तशी ती सवयीने कार्यालयातल्या मुख्य स्विचखाली येऊन उभी राहिली. हात वर केला आणि तसाच ठेवून तिने मागे वळून पाहिले.

“बाई, हा बंद का करायचा असतो?”

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले, की आपल्यापाशी पुरेसे चांगले कारण नाही.

“नको करू,” त्या म्हणाल्या. “आणि मावशी, हे तू आधीच विचारायला हवं होतंस, असं मी म्हणणार नाही. तुला विचारता येईल असं मी वागायला हवं होतं.”

मावशीने हात खाली घेतला.