ब्रह्ममुहूर्ताची साधना

महाबलीपुरमकडून येणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्यावर सकाळपासून माणसं दाटली होती. कुणी डोक्यावर टॉवेल घेतला होता, कुणी वर्तमानपत्र. शर्यतीचा शेवट जवळ आला आणि वळणावर जांभळ्या बनियनचे पाच सायकलस्वार एका ओळीत दिसले. बाकीच्या संघांचा पत्ताच नव्हता. पाचही जण हसत आले. एक तर दोन्ही हात सोडून मोबाइलवाल्यांना नमस्कार करत आला. उन्हात तासन् तास सायकल हाणलेली माणसं अशी दिसत नाहीत.

"पाहा, दम तरी लागलाय का?" राजगोपाल व्यासपीठावरून म्हणाला. तो या पोदिगै संघाचा मालक, व्यवस्थापक आणि अलीकडे गुरूही. कपाळावर विभूती, मनगटावर महागडं घड्याळ, हातात पितळी डबा. "हे औषध नव्हे. पोदिगै डोंगरावर एका सिद्धपुरुषानं मला दिलेलं लेह्य आहे, नुसतं चाटण. खुशाल प्रयोगशाळेत न्या. काही सापडणार नाही."

काही सापडणार नाही हे तो इतक्या खात्रीनं सांगे, की लोकांना तोच पुरावा वाटे. सिद्धपुरुषाचं वय भाषणागणिक वाढत होतं. मागच्या वर्षी तो दीडशेचा होता, यंदा चारशेचा झाला होता. आयांनी मुलांना पुढे ढकललं, आणि राजगोपाल एकेकाच्या जिभेवर लेह्य ठेवत गेला.

गर्दीतली डॉक्टर कौमुदी मात्र पाचांपैकी तिसऱ्याकडे बघत होती. तो तिचा धाकटा भाऊ, अमोघ. कौमुदी तांबरमच्या एका खाजगी रुग्णालयाची रक्तपेढी सांभाळायची. शेजारी तिचे वडील कृष्णकांत उभे होते. भुसावळहून इकडे आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात नोकरीला आले, तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी डोळे मिटून लेह्य गिळलं.

"बाबा, तुम्हाला मधुमेह आहे."

"प्रसादाला साखर नसते," कृष्णकांत म्हणाले.

कौमुदीनं त्यातलं थोडं लेह्य खरंच प्रयोगशाळेत दिलं. खजूर, गूळ, सुंठ, तूप. दुसरं काही नाही. घरी जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा कृष्णकांत खूश झाले.

"म्हणजे शुद्ध आहे. तुझ्याच लोकांनी सांगितलं."

"बाबा, खजूर खाऊन माणूस असा पळत असता तर टी. नगरच्या मिठाईवाल्यांनी ऑलिंपिक मारलं असतं."

अमोघ हसला. "नुसतं लेह्य नाही, ताई. साधना असते. ब्रह्ममुहूर्त लागायच्याही आधी सर शिट्टी वाजवतात. सगळ्यांनी उठायचं, अंधारात जागेवरच्या सायकलींवर बसायचं, मंत्र म्हणत पाय मारायचे. मग तांब्याभर तीर्थ प्यायचं. एक दिवस चुकलेली चालत नाही."

"दिवसभर सायकल चालवून अपरात्री परत सायकल? झोप कधी घेता?"

"सर म्हणतात, झोप हा तमोगुण."

कौमुदीला ते रुचलं नाही, पण बोट ठेवायला जागा सापडेना. रिकामा डबा तपासून चोर पकडायला निघाल्यासारखं तिला वाटत राहिलं. ड्यूटीवर असताना, बसमध्ये, अंथरुणात, एकच प्रश्न: डब्यात काही नाही, मग पोरांत हे आलं कुठून?

उत्तर तिच्याच टेबलावर आलं. कृष्णकांतांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि रिवाजाप्रमाणे घरच्या कुणीतरी रक्त द्यायचं होतं. अमोघ हौसेनं आला. तिनं त्याच्या बोटाला सुई टोचली. थेंब काळपट, दाट, यायलाही आळस करणारा. हिमोग्लोबिन वीसच्या जवळ. तिनं यंत्र बदललं, पुन्हा घेतलं. तेच. गेल्या वर्षी तिनंच ते पंधरा पाहिलं होतं.

"अठराच्या वर आम्ही रक्त घेत नाही," ती म्हणाली. "अमोघ, लेह्याशिवाय तुम्हाला काय देतात?"

"काही नाही. मालिशवाला व्हिटॅमिन टोचतो. पोटाच्या कातडीखाली. बी-ट्वेल्व्ह."

"कुठं ठेवतो तो ते?"

"फ्रिजमध्ये. कुलूप असतं."

"बी-ट्वेल्व्हला फ्रिज लागत नाही. आणि दर आठवड्याला टोचतात?"

"डोपिंगचे परीक्षक यायचे असले की सुई बंद असते. सर आधीच सांगतात." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

कौमुदी खुर्चीत बसली. आपण कुठं चुकलो ते तिला आता दिसलं. राजगोपालनं ज्या डब्याकडे बोट दाखवलं, तोच तिनं इमानदारीनं तपासला होता.

"मूत्रपिंड निकामी झालेल्यांना एक औषध देतात, शरीरानं रक्त तयार करावं म्हणून. निरोगी माणसाला दिलं की लाल पेशी नको तितक्या वाढतात. प्राणवायू जास्त मिळतो, दम लागत नाही. पण रक्त पाकासारखं होतं. दिवसा सायकल चालते तोवर ते वाहतं. झोपेत तुझ्यासारख्याचं हृदय किती हळू चालतं ठाऊक आहे? तेव्हा गुठळी होते. म्हणून उठवतात तुम्हाला. म्हणून पाणी पाजतात."

अमोघनं टोचलेल्या बोटावरचा कापूस दाबून धरला. "पुढच्या महिन्यात परदेशातला करार आहे, ताई."

"आणि एखाद्या रात्री शिट्टी ऐकू आली नाही तर?"

"श्रीहरीला ताप आहे," तो म्हणाला. श्रीहरी संघातला सगळ्यात लहान. "काल तापातही सरांनी त्याला ओढून सायकलवर बसवलं. मला वाटलं, सर कडक आहेत." त्यानं बाही वर केली. "घे रक्त. काय दाखवायचं ते दाखव."

तिनं त्याला तिथंच खाटेवर निजवलं, थोडं रक्त काढलं, सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या नाडीवरचा हात काढायला धजली नाही. बाकीचे चौघे संघाच्या ताब्यात होते, फोनही सरांकडे. पण त्या संध्याकाळी टी. नगरच्या मंगल कार्यालयात नव्या मुलांची भरती होती, आणि चौघांना तिथं मिरवायला आणणार होते.

सभागृह भरलं होतं. अमोघ आणि कृष्णकांतही कौमुदीबरोबर आले होते. राजगोपाल सिद्धपुरुषाच्या वयावर आला तेव्हा कौमुदी पुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं काचेच्या दोन नळ्या वर धरल्या.

"मी रक्तपेढीतली डॉक्टर, अमोघची बहीण. ही नळी माझ्या रक्ताची, ही अमोघच्या. यंत्रात गरगर फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात, पिवळं पाणी वर राहतं. माझ्या नळीत लाल भाग अर्ध्याच्या खाली आहे. याच्या नळीत पाहा कुठवर चढलाय."

"सिद्धांचा अनुग्रह," राजगोपाल म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अनुग्रह कुलपाच्या फ्रिजमध्ये ठेवतात का, सर?" अमोघनं मागून विचारलं. मग त्यानं सुईचं सगळं सांगितलं. टाळ्या विरल्या.

राजगोपालचा चेहरा बदलला, आवाज नाही. "तसं असेल तर पोरांनी चोरून घेतलं असेल. मालिशवाल्याला विचारा. मी व्यवस्थापक आहे. मी लेह्य देतो आणि आशीर्वाद देतो. बाकी ज्याचं शरीर त्याची जबाबदारी."

"बरं. साधना कोण घेतं?" कौमुदीनं विचारलं.

"मी स्वतः. आजवर एकही रात्र चुकू दिली नाही."

"कशासाठी असते ती?"

"चित्तशुद्धीसाठी."

"मग आज सुट्टी द्या. श्रीहरीला ताप आहे. चित्त एक रात्र मळलं तर चालेल."

काही जण हसले. पहिल्या रांगेतला श्रीहरी हळूच उठला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. "सर, मी आज झोपतो," तो म्हणाला. "मला उठवू नका."

राजगोपालनं माइकवर हात ठेवला, पण हातानं आवाज अडत नाही. "झोपू नकोस," तो पुटपुटला. "आधी पाणी पी. हिच्या हॉस्पिटलात जा. लगेच. झोपलास तर उठायचा नाहीस."

सगळ्या सभागृहानं ते ऐकलं.

कृष्णकांत काठी टेकत उभे राहिले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. "माझ्या पोराला काय होऊ शकतं ते तुम्हाला रोज ठाऊक होतं."

चौघांनाही रुग्णवाहिकेतून तांबरमला नेलं. श्रीहरीच्या पायात गुठळी सापडली, वेळेवर सापडली. मालिशवाल्यानं कबुली दिली. मात्रा राजगोपाल ठरवायचा, सुई कधी थांबवायची तेही तोच. प्रायोजक कंपनीनं त्याच दिवशी जाहीर केलं की तिला यातलं काही माहीत नव्हतं. जिंकलेल्या शर्यतींची जाहिरात करताना मात्र तिला सगळं माहीत असायचं. अमोघनं स्वतःच्या नावानं जबानी दिली. त्याच्यावर बंदी येणार, करार गेला. "फ्रिज मीही पाहिला होता," तो बहिणीला म्हणाला. "विचारलं नाही."

वॉर्डाबाहेर श्रीहरीची आई सुनंदा बाकावर बसली होती. तंजावरकडच्या मराठी घराण्यातली बाई. "सगळेच जिंकत होते, कन्ना," ती लेकीला म्हणावं तसं कौमुदीला म्हणाली. "जिंकणाऱ्याला काय म्हणून विचारणार?"

कौमुदी तिच्या शेजारी टेकली. "जिंकत असतानाच विचारायचं, अम्मा. हरल्यावर कुणीही विचारतं. पोराच्या अंगात काय घालता, ते कुणी ठरवलं, काही झालं तर कोण जबाबदार. आणि उत्तरात देवाचं नाव आलं, की पोराचा हात धरून घरी जायचं."