गाळ न पोचलेला पट्टा

राजूबाई माझी धाकटी जाऊ. तिच्या रानात विद्यापीठाची पाटी लागणार, हे मला तिनंच येऊन सांगितलं. सांगताना माझ्याच ओट्यावर बसून माझाच चहा प्यायली.

"अक्का, दहा वर्षं पाटी राहणार म्हणं. माझं नाव घालून."

"कोणत्या भाषेत?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते मला सुचलंच नाही.

"कन्नडात बी आन मराठीत बी."

"म्हणजे दोनदा."

"व्हय की," ती म्हणाली आणि कपबशी तिथंच ठेवून हसत गेली.

विद्यापीठातून आलेली माती मोजणारी मुलगी, विजयश्री, महिनाभरापासून आमच्या सीमाभागात फिरत होती. कलबुर्गीची, पण तिची आई मादन हिप्परग्याची, त्यामुळे मराठी घरचंच. बरोबर मंजुनाथ नावाचा एक दणकट माणूस. तो लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत फिरवायचा. वर आलेली माती विजयश्री अर्ध्या चिरलेल्या पाइपात ओळीनं मांडायची, रंग बघायची, पट्टी लावायची, लिहायची. संतपूर, ठाणाकुशनूर, मधली सगळी गावं तिनं अशी टोचून काढली होती. काळी माती किती खोल आहे आणि तिच्यात कार्बन किती साठला आहे, याचा नकाशा होत होता, आणि सगळ्यात चांगल्या रानात नमुना म्हणून पाटी लागणार होती. पाला, मुळं, शेण जमिनीत कुजतं आणि मातीत मुरून राहतं, तो कार्बन. मुरला तर माती काळी आणि भुसभुशीत; जाळला तर धूर होऊन आभाळात. इतकं तिनं मला समजावलं आणि मला समजलं.

नकाशा मी बघितला होता. ती चावडीपुढं सगळ्यांना दाखवत होती. खोल काळी रानं गडद, उथळ रानं फिकी. राजूबाईचं दोन एकर जांभळासारखं गडद होतं. बांधाच्या अलीकडचं माझं रान विटलेल्या लुगड्यासारखं. त्या दिवशी मी जेवले नाही. घरात सांगितलं, पोट जड आहे.

लोकांना वाटेल, एवढ्याशा पाटीसाठी म्हातारीनं किती जळावं. पण ते रान काळं कसं झालं, ते मला माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं गावतळं तळापर्यंत आटलं. तेव्हा मी घरात एकटीच सून होते. माझे सासरे म्हणाले, असा गाळ पुन्हा मिळायचा नाही. घरची आणि भावकीची मिळून सहा गाड्या लागल्या. दोन उन्हाळे आम्ही गाळ ओढला. गाडीतून रानाच्या कडेला पडायचा आणि तिथून डाल्यात भरून डोक्यावरून पसरायचा, ते काम बायकांचं. पहिल्या उन्हाळ्यात मला सातवा महिना होता. ओला गाळ डाल्यातून कानामागं गळायचा आणि वाळला की कातडी ओढायचा. वीतभर थर दिला आम्ही. त्याच्या आधी ते रान माझ्या आताच्या रानासारखंच होतं, राखाडी, चुनखडीचं.

राजूबाई त्यानंतर पाच वर्षांनी लग्न होऊन आली. त्र्याऐंशीला वाटण्या झाल्या. चिठ्ठ्या सासूबाईंच्या ओंजळीत टाकल्या आणि काळं रान धाकट्याला, म्हणजे बालाजीला गेलं. माझे मालक आप्पाराव म्हणाले, नशीब. मला वाटलं, एका चिठ्ठीला घडी जास्त होती, ओळखू यावी म्हणून. हे मी कुणालाही बोलले नाही. चाळीस वर्षं फक्त बांधावरून बघत आले. तिची ज्वारी माझ्या ज्वारीपेक्षा हातभर उंच असायची. माझ्याकडं धसकटं वेचून, जाळून, रान चुलीपुढच्या जागेसारखं साफ. तिच्याकडं सगळा पसारा, धसकटं तशीच, तुरीचा पाला तसाच. तरी तिचंच पीक मोठं. आळशी बाईला देव देतो तेव्हा मागं बघत नाही, असं मी म्हणायचे.

पाटी लावण्याआधी शेवटची तपासणी होती. मी तिकडं जाणार नव्हते. पण बांधावरची शेवग्याची शेंग काढायला तर कधीतरी जावंच लागतं.

मंजुनाथनं तीन ठिकाणी गिरमिट फिरवलं. विजयश्री मांडी घालून कागद भरत होती.

"अज्जी," तिनं राजूबाईला विचारलं, "या रानात कधी बाहेरची माती आणून टाकली होती का? तळ्याचा गाळ वगैरे?"

"न्हाई ग माय," राजूबाई म्हणाली. "आमचं रान मूळचंच काळं."

शेंगा माझ्या हातातून खाली पडल्या.

"खोटं कामून बोलायलीस?" मी बांध ओलांडून आत गेले. "गाळ मी टाकलाय. या डोक्यावरून टाकलाय."

"अक्का!"

"पोरी, लिही. नागरबाई आप्पाराव. बहात्तर आणि त्र्याहत्तर, दोन उन्हाळे."

विजयश्रीनं पाइपातली माती बोटानं फोडली, नखावर घेतली, उन्हात धरली. मग मला दाखवली. तिच्यात पांढरे ठिपके होते, ज्वारीच्या दाण्याहून लहान. तळ्यातल्या शंखांचा चुरा. वीतभर खाली गेलं की ते ठिपके संपत होते आणि राखाडी माती लागत होती. तिथं तिनं बाटलीतून ॲसिडचा थेंब टाकला, तशी ती फसफसली. चुनखडी.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, अज्जी," ती म्हणाली.

पन्नास वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी राजूबाईकडं बघितलं. चांगलं टक लावून बघितलं.

पण विजयश्रीनं कागदावर आडवी रेघ मारली. "मग हे रान बाद. आम्ही धरतो तो जागच्या जागी साठलेला कार्बन. हा तळ्याचा साठा आहे, इथं फक्त आणून ठेवलेला."

"आन माझं नाव?" मी विचारलं.

"नावाची जागा नाही, अज्जी. शेऱ्यात लिहिते."

"काय लिहिशील?"

तिनं कागदावरची ओळ बोटानं दाखवली. "माणसाकडून ढवळाढवळ," ती म्हणाली. "छापलेले शब्दच तसे आहेत."

मंजुनाथ तोंड फिरवून गिरमिट पुसू लागला. दोन उन्हाळे आणि सातवा महिना, आणि कागदावर ढवळाढवळ.

ते दोघं खालच्या रानाकडं गेले. राजूबाई जागची हलली नाही. ती भांडेल म्हणून मी तयार होते. मनात चार-दोन चांगली उत्तरंही होती.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "मी आले तवा रान काळंच व्हतं. आत्याबाई म्हणायच्या, तुझ्या वाट्याचं मूळचं चांगलं हाय. तुमी तरी कधी बोललाव का?"

"माझ्या तोंडानं मी सांगू?"

"मग कोण सांगणार? माती?"

मी शेंगा वेचल्या आणि घरी आले. वाटलं होतं, त्या रात्री झोप छान लागेल. लागलीही. खोटं कशाला बोलू.

सकाळी राजूबाई दारात उभी. आत आली नाही.

"चला, दाखवा. कुठून कुठपर्यंत टाकला गाळ?"

"कामून?"

"माझ्या रानात तुमचं किती आन माझं किती, मला बघायचंय. न्हाईतर आता पाऊल टाकलं की तुमीच दिसायलाव."

मी खुशीनं गेले. पावलं टाकत दाखवत गेले. इथं गाडी उलटली होती, इथं सासूबाई उन्हानं पडल्या. पूर्वेच्या अंगाला, बाभळीच्या ओळीपाशी, मी थांबले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी वळीव आला, तळ्यात पाणी साठलं आणि काम तिथंच राहिलं. पुढचा दहा हातांचा पट्टा बाकी राहिला होता.

"इथून पुढं न्हाई?" राजूबाईनं विचारलं.

"न्हाई."

"नक्की?"

"माझ्या डोक्याला माहीत हाय, नक्की म्हणजे नक्की."

ती खाली बसली आणि हातानं माती उकरली. मीही बघितलं. मला वाटलं होतं तिथं राखाडी निघेल. काळी निघाली. मऊ, दमट, आत धसकटांचे कुजलेले तुकडे आणि तुरीचा पाला. राजूबाई उठली आणि विजयश्रीला बोलवायला गेली. माझे गुडघे सत्तरी ओलांडलेले, तिचेही काही तरणे नव्हते, पण ती जवळजवळ पळाली.

गिरमिट पुन्हा फिरलं. विजयश्रीनं माती नखावर धरली, उन्हात धरली. शंख नव्हता. एकही नाही. वरची वीतभर माती काळी, आणि मग हळूहळू राखाडी होत गेलेली, रेघ न पडता.

"ही इथंच तयार झालीय," विजयश्री म्हणाली. "धसकटं कधी जाळली नाहीत ना, अज्जी?"

"वेचायचा कंटाळा," राजूबाई म्हणाली आणि लाजली. "अक्का मला त्यावरून बोलायच्या."

"पट्टा लहान आहे, पण पाटीला पुरतो. फक्त इथं गाळ पडला नव्हता, असं लिहून द्यायला पाहिजे. तेव्हा हजर असलेलं माणूस लागेल."

तिघंही माझ्याकडं बघू लागले.

मी काहीही म्हणू शकले असते. इथंही टाकला होता, आता आठवलं, म्हातारपण. आप्पाराव नाहीत, बालाजी नाही, सासूबाई नाहीत. गावात त्या गाळाचं सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य, आणि पट्टाही बाद. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. राजूबाईला ते कळलं. तिनं पदर तोंडात धरला होता.

पण मग ती काळी माती माझी म्हणायची तर त्या पट्ट्यातली डाली मला आठवायला हवी होती. एकही आठवेना. बाकी रानातली एकेक आठवत होती.

"आण इकडं कागद," मी म्हटलं.

विजयश्रीनं लिहिलेलं वाचून दाखवलं: बाभळीच्या ओळीच्या पूर्वेला मी किंवा माझ्या घरच्यांनी कधीही काहीही टाकलेलं नाही. खाली रानाची मालकीण म्हणून राजूबाईचा निळा अंगठा आधीच उमटलेला होता, जरा फासटलेला. मी सही केली. पूर्ण नाव, जोडाक्षरासकट, रेघ ओढून. आणि कागद परत देण्याआधी राजूबाईच्या डोळ्यापुढं नीट धरला.