दोघांच्या मापाची रजई

पोलीस ॲक्शन होऊन दीड महिना झाला, तशी रझाकारांच्या भीतीनं वऱ्हाडात पळालेली माणसं पैनगंगा उतरून गावात परतली. नर्मदाबाई आणि तिची सासू शकुबाई दिवाळीच्या तोंडावर आल्या. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, सगळं लुटून नेलेलं. नर्मदेचा नवरा उत्तमराव जनावरांपायी उन्हाळ्यात मागं राहिला होता. त्याचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे तुरुंगात आहे, कुणी म्हणे बाळापूरच्या बाजारात दिसला.

थंडी पडायला लागली तशी शकुबाईनं दोन जुनी लुगडी जोडून रजईची खोळ शिवली. चांगली चार हात रुंद.

"एवढी रुंद काहून, आत्याबाई?"

"उत्तम आला म्हंजी? लेकरू उघडं झोपंल का माझं?"

नर्मदा कापूस पिंजायला बसली. तिला आशाही वाटत नव्हती आणि भीतीही. सांगितलं ते काम हात करत होते.

पिंजलेला कापूस निम्म्या खोळीलाच पुरत होता. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली एक रजई सापडली. नर्मदेनं तिचा कापूस काढून उन्हात घातला, बोटांनी मोकळा केला. मग अंगणात चटई टाकून दोन्ही कापूस शेजारीशेजारी पसरले. जोड कात्रीनं कापून लावला, की पांघरता पांघरता तिथंच फट पडते. म्हणून तिनं कडा हातानं ओढून विरळ केल्या, एकीवर दुसरी चार बोटं चढवली आणि हलकेच थोपटली. टाके घातले की कापूस आत ओढला जातो, तेव्हा चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवला. ती गुडघ्यांवर सरकत वितीनं माप घेत होती, तेवढ्यात दारात फुलसिंग आला. पलीकडच्या तांड्यावरचा म्हातारा.

"उत्तमरावांचं घर हेच का, माय?" त्यानं शकुबाईला विचारलं.

"व्हय."

तो खाली बसला. कनवटीचा चांदीचा करदोडा काढून त्यानं तिच्यापुढं ठेवला. "श्रावणात ओढ्याकाठी एक गडी पडलेला सापडला, माय. गोळी लागली होती. आमी तांड्याच्या माणसांनी अग्नी दिला. आमी बी मग रानात पळालो. माणूस कुणाचा ते काल कळलं."

शकुबाईनं करदोडा उचलला, उलटा-सुलटा केला आणि हंबरडा फोडला. नर्मदा चटईवर तशीच होती. तिचा हात वितीएवढा ताणलेला राहिला होता. तो तिनं मिटला.

गल्लीतल्या बाया धावत आल्या. शेजारची रुक्माबाई नर्मदेच्या बांगड्या फोडायला तिथंच टेकली.

"इथं नको, वैनी," नर्मदा म्हणाली. "तिकडं उंबऱ्याशी. कापसात काच राहील."

ती आपणहून उठून उंबऱ्याशी जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

दहा दिवस कापूस चटईत गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. अकराव्या दिवशी शकुबाई म्हणाली, "नर्मदे, काप ती खोळ. आता एवढी रुंद काय करायची?"

"कापली तर कापूसबी कापावा लागंल. जोड उसवंल."

"उसवू दे की."

"पुन्हा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. तुमी त्या टोकाला बसा."

सासू बसली. दोघींनी खोळ उलटी करून कापसाखाली अंथरली, कडेला टाके घातले. मग कापसासकट तिची घट्ट गुंडाळी केली आणि खोळीच्या तोंडातून थोडीथोडी उलटून बाहेर काढली. कापूस आत सपाट बसला. जोड हाताला लागत नव्हता. दोघी दोन टोकांनी दोरा घालत आल्या. शकुबाई पदरानं डोळे पुसत होती. नर्मदेचे डोळे कोरडे होते. आपल्याला रडू का येत नाही, हे तिनं एकदा मनाला विचारून पाहिलं आणि सुईत दुसरा दोरा ओवला.

उन्हं डोक्यावर आली. नर्मदेच्या पोटात भुकेचा खड्डा पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काही जाणवलं होतं आणि तीही भूक. तिला लाज वाटली.

"आत्याबाई, मला भूक लागली."

शकुबाई उठली. आत जाऊन तिनं चूल पेटवली. भाकरी थापल्याचा आवाज आला. नर्मदेनं पहिली भाकरी चटणीशी खाल्ली. दुसरी सासूनं न विचारता वाढली, तीही तिनं खाल्ली.