लाल शाईचा अभिप्राय

आधी विनायकचा अभिप्राय वाचायचा आणि मग कविता, अशी त्या वहीची रीतच पडून गेली होती.

वही काढली होती मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या भगवंतरावांनी. हेडमास्तर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. नागपूरची मासिकं कविता परत पाठवतात, भोपाळवाल्यांना मराठी कळत नाही, मग आपणच एकमेकांचे वाचक का होऊ नये, असं म्हणून १९८३च्या दिवाळीत त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक मोठी वही घेतली. आपल्यासकट पाच जण जमवले. पानाच्या पुढच्या बाजूला कविता लिहायची, त्याच पानाच्या मागे बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा, खाली सही करायची आणि आठ दिवसांत वही कापडात शिवून पुढच्याला पोस्टानं धाडायची. रामाकोन्याहून सौसर, सौसरहून पांढुर्णा, तिथून लोधीखेडा आणि परत रामाकोना.

विनायक सौसरच्या शाळेत मराठी शिकवायचा. वय चौतीस. त्याची एक कविता एकदा नागपूरच्या एका दिवाळी अंकात छापून आली होती आणि पाच जणांत छापून आलेला तो एकटाच होता. कविता तो कमीच लिहायचा, पण त्याचे अभिप्राय म्हणजे ठसका. लाल शाईनं, वळणदार अक्षरात, दोन-चार ओळींत समोरच्याची पार फिरकी घ्यायचा. पांढुर्ण्याच्या बँकेत काम करणारा अरविंद तर ते अभिप्राय वेगळ्या कागदावर उतरवून मित्रांना वाचून दाखवायचा. "तुमच्या लाल शाईनंच वहीत जान आहे," असं त्यानं एकदा लिहिलं होतं. ते वाक्य विनायकनं बायकोला, रजनीला, तीनदा वाचून दाखवलं.

रामाकोन्याचे रघुनाथराव त्या पाच जणांत वयानं भगवंतरावांच्या खालोखाल आणि शिक्षणानं सगळ्यांत कमी. सातवी पास. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. लोधीखेड्याच्या प्राथमिक शाळेतल्या प्रतिभाबाई आधी रामाकोन्याला होत्या, त्यांनीच रघुनाथरावांना वहीत आणलं. रघुनाथरावांच्या पहिल्या दोन-तीन कविता बागेवर आणि बैलावर होत्या. विनायकनं त्यांची फारशी दखल घेतली नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या माघात वही सौसरला आली. रविवारची सकाळ होती. विनायकनं कापड उसवलं, वही उघडली. रघुनाथरावांनी या खेपेला एकच कविता लिहिली होती. नाव 'सुमन'.

*सुमन गेली सकाळच्या पारी*
*बागेत पाणी चालूच होते*
*कोणी पाट वळवला नाही*
*आळे भरून वाहत होते*

*सुमन गेली, वास राहिला*
*ओसरीत, दोरीवर, पाट्यापाशी*
*एवढी मोठी बाग आमची*
*बोलावे तर कोणापाशी*

विनायकला हसूच आलं. फूल गळालं, वास उरला. असल्या कविता तर त्याच्या नववीच्या वर्गातली पोरं लिहायची. त्यानं लाल पेन घेतलं. आधी कवितेतच हात घातला. दोन्ही ठिकाणचं 'गेली' खोडून वर 'गेले' केलं. मग पान उलटून लिहिलं: 'फूल सकाळी गळते हे कवीला नुकतेच कळलेले दिसते. सुमन हा शब्द नपुंसकलिंगी आहे; ते गेली नसून गेले. फुलाचा वास दोरीवर आणि पाट्यापाशी कसा बसतो, हे बागाईतदारच जाणोत. कवीने तूर्त पाट वळवावा. आळी भरून वाहत आहेत.'

रजनी चहा घेऊन आली. त्यानं कविता आणि अभिप्राय दोन्ही तिला ऐकवलं. ती हसली, पण मग कप हातातच धरून थांबली.

"दोन्ही वेळा गेलीच लिहिलं त्यांनी?"

"हो ना. व्याकरणाचा पत्ता नाही."

"बाग लावणारा माणूस. ओसरीत वास राहिला, दोरीवर राहिला म्हणून राहिले… मला तर काही वेगळंच वाटते."

"तुला कवितेतलं काय कळते?" विनायक म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

वही पांढुर्ण्याला गेली. अरविंदनं लाल शाईखाली लिहिलं, 'वा विनायकराव! पाट वळवला!' भगवंतरावांचे डोळे अधू झाले होते. त्यांनी 'वाचले' एवढंच लिहिलं. प्रतिभाबाई तेव्हा ट्रेनिंगसाठी दोन महिने छिंदवाड्याला होत्या, म्हणून भगवंतरावांनी लोधीखेडा वगळून वही सरळ रामाकोन्याला धाडली. रघुनाथरावांनी ती वाचली, नवं काही लिहिलं नाही, नुसती सही केली आणि प्रतिभाबाई परतल्याचं कळल्यावर त्यांच्याकडे पाठवली.

त्यानंतरच्या रविवारी, दुपारी जेवणं उरकत असताना प्रतिभाबाई विनायकच्या दारात उभ्या राहिल्या. हातात वही. कापडात शिवलेलीसुद्धा नाही. रजनीनं पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सर, सुमन कोण होती, माहीत आहे तुम्हाला?"

विनायक ताटावरून उठला. "कोण होती म्हणजे?"

"त्यांची मुलगी. एकुलती एक. सतरा वर्षांची. माझ्याच हाताखाली चौथी पास झाली ती. अश्विनात मोतीझऱ्याचा ताप आला तिला. पहाटे विजेची लाइन आली म्हणून रघुनाथराव मोटर लावायला बागेत गेले होते, तिकडे घरी पोरीनं डोळे मिटले. हाक ऐकून ते धावत आले, ते परत बागेत गेलेच नाहीत. दिवसभर मोटर चालू राहिली. सगळी बाग पाण्यानं भरली. कोणाला बंद करायचं भान नव्हतं."

विनायकच्या उष्ट्या हातावर भात वाळत होता.

"तीन महिने तो माणूस बोलत नव्हता सर. मीच मागं लागले. म्हटलं, लिहा, वहीत सगळे आपलेच आहेत." प्रतिभाबाईंनी वही छातीशी धरली. "मीच म्हटलं त्यांना. आपलेच आहेत म्हणून."

त्यांनी वही खाटेवर ठेवली आणि आल्या तशा निघून गेल्या. रजनीनं त्याचं ताट उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विनायकनं शाळेत रजेचा अर्ज दिला आणि छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं रामाकोन्याला गेला. वही पिशवीत होती. काय बोलायचं ते त्यानं गाडीत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. पाया पडायचं, एवढं मात्र नक्की होतं.

घर विचारत विचारत तो पोचला. ओसरीत एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. तिच्या डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली होती आणि दोरीवर एकच हिरवी ओढणी होती. घड्या पडून, धूळ बसून ती तिथंच राहिलेली दिसत होती. विनायकनं ओढणीकडे पाहिलं आणि त्याला मान खाली घालावी लागली.

"या जी, बसा. ते बागेत हायेत, येतीनच आता. कुठून आले म्हनू?"

"सौसरहून. मी विनायक. शाळेत शिकवतो."

बाईनं सूप खाली ठेवलं. "सौसरचे गुरुजी? वहीवाले?"

"हो."

"अवं माय!" ती उठली, पदर सावरला, आतून सतरंजी आणून अंथरली. ती शकुबाई, रघुनाथरावांची बायको. "तुमीच ना जी, आमच्या सुमनच्या कवितेले चांगलं म्हनलं ते? यायनं सांगतलं मले. सौसरच्या गुरुजीनं लय कौतुक केलं म्हने, लाल शाईनं लिवलं. मी म्हनलं, वाचून दाखवा, तर म्हने, वही पुढं धाडली. आमाले तं अक्षर येत नाई." तिची नजर पिशवीकडे गेली. "वही आनली का तुमी?"

विनायकनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण वहीचा पुठ्ठा पिशवीतून वर आलेला होता.

"वाचा ना जी. तेवढं वाचा. मले आयकू द्या."

त्यानं वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, ते आपसूक उघडलं. त्यानं आधी कविता वाचली. 'गेली' असंच वाचलं. शकुबाई डोळे मिटून ऐकत होती, तिचे ओठ हलत होते. तिला ती पाठ होती. मग त्यानं पान उलटलं. समोर त्याचंच वळणदार अक्षर होतं. त्यावर नजर ठेवून तो बोलू लागला.

"ही कविता वाचून मी बराच वेळ उगाच बसून राहिलो. या कवीनं एकही शब्द जास्तीचा लिहिला नाही. घरातलं माणूस गेलं तरी पाणी वाहत राहतं, हे ज्यानं पाहिलं त्यालाच असं लिहिता येतं. आम्ही सुमनला पाहिलं नाही. पण दोरीवरचा वास आम्हालाही आला. आमच्या या वहीत इतकी खरी कविता आजवर कोणी लिहिली नाही, मीसुद्धा नाही."

बोलता बोलता त्याला कळलं की यात खोटं काहीच नाही. कविता तो आत्ता, या क्षणाला पहिल्यांदा वाचत होता.

"अजून एक डाव," शकुबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. काही शब्द बदलले असावेत, कारण ती मध्येच म्हणाली, "मघा तुमी 'उगाच' म्हनलं होतं." त्यानं 'उगाच' परत घातलं. तेव्हाच त्याला जाणवलं की दारात कोणीतरी उभं आहे. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला उपरणं, पाय चिखलानं माखलेले. रघुनाथराव. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"आयकलं का," शकुबाई रडत होती आणि हसतही होती, "किती चांगलं लिवलं गुरुजीनं! तुमी मले धड सांगतलंच नाई."

"मले तेवढं सांगता नाई येत," रघुनाथराव म्हणाले. "चहा ठेव गुरुजीसाठी. चला गुरुजी, तवरिक बाग पाहून घ्या."

बागेत पहिल्याच झाडाखाली विनायक त्यांच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"असं नोका करू. तुमाले मालूम नव्हतं."

"मालूम करून घ्यायला पाहिजे होतं. मी विचारलंही नाही. माझ्या बायकोला जे कळलं…"

"व्याकरन तं तुमचं बराबरच होतं ना. मी शाळेतल्या पोराइले विचारलं. सुमन म्हंजे फूल, अन् ते नपुंसकलिंगीच असते म्हने." ते एका झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. आवाजात राग नव्हता, तेच विनायकला सोसवेना. "फक्त तुमी 'गेली'चं 'गेले' केलं ना, तवा मले वाटलं, आपल्याले पोरगी होती हेच कोनी खोडून टाकलं. बाकी काई नाई."

विनायकनं वही उघडली, पान मुठीत धरलं. "हे फाडून टाकतो मी. आत्ता, तुमच्यासमोर."

"अन् मागच्या बाजूले काय हाये?"

विनायकची मूठ सैल झाली. मागच्या बाजूला कविता होती.

"राहू द्या तसंच," रघुनाथराव म्हणाले. "तुमी आता घरात जे वाचलं, ते खरंच वाटलं का तुमाले, का तिच्यासाठी म्हनलं?"

"खरंच वाटलं."

त्यांनी नुसती मान हलवली. विश्वास बसला की नाही, विनायकला समजलं नाही, आणि पुढे कधी समजलंही नाही.

गाडीपर्यंत पोचवायला ते आले. फलाटावर विनायक म्हणाला, "रघुनाथराव, तिच्यावर अजून लिहा. मी हात जोडतो. कोणी एक अक्षर वावगं लिहिणार नाही."

"बसून पाहतो ना कागद घेऊन. पयला शब्द लिवला का मनात येते, हा पुल्लिंगी का स्त्रीलिंगी? मंग तो पुसतो. मंग दुसरा शब्द काई येत नाई." ते रुळांकडे पाहत होते. "तिचं तोंड पन आता तितकं डोयापुढं येत नाई. लिवताना येत होतं."

गाडी आली. विनायक चढला. रघुनाथरावांनी हात वर केला नाही, पण गाडी सुटेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

वही आणखी दोन वर्षं फिरली. विनायकनं सगळ्यांना पत्रं लिहून काय घडलं ते कळवलं. अरविंदनं रामाकोन्याला माफीचं कार्ड टाकलं. प्रतिभाबाईंनी वहीत लिहिणं चालू ठेवलं, पण विनायकशी त्या पुन्हा मोकळेपणानं बोलल्या नाहीत. विनायक आता निळ्या शाईनं दोन साधी वाक्यं लिहायचा. लिहिण्याआधी कविता रजनीला वाचायला द्यायचा. रघुनाथरावांच्या पानावर दर फेरीला नुसती सही असे. कविता नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात भगवंतराव गेले आणि वही थांबली. तेव्हा ती विनायककडेच होती. त्यानं विचार केला, हिची खरी जागा रामाकोना. सुमनची आठवण तिच्या आईबापांकडे असावी. तो ती घेऊन गेला. शकुबाई लग्नाला जामसावळीला गेली होती, रघुनाथराव एकटेच होते. त्यांनी वही हातात घेतली, ते पान काढलं, कवितेवरून बोट फिरवलं. मग वही मिटून त्याच्याकडे परत दिली.

"घरात नोको गुरुजी. शकू कोनालेबी धरून वाचायले लावते. पोस्टमन येते, पाव्हने येते, शाळेतल्या पोरी येते. कोनीतरी एक दिवस जे लिवलं हाये तेच तिले वाचून दाखवते. तिले तुमचं ते सगळं पाठ हाये. रोज म्हनते ती, अन् मंग झोपते." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुमच्याच घरी राहू द्या."

विनायकनं वही पिशवीत घातली. घरी आल्यावर रजनीनं विचारलं, "परत काहून आणली?" त्यानं तिला रघुनाथरावांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं लोखंडी कपाटातली वरची फळी रिकामी केली आणि वही तिथं ठेवली.

"फाडता येत नाही अन् देताही येत नाही," विनायक म्हणाला.

"नाही," रजनी म्हणाली आणि तिनं कपाट लावून घेतलं.