व्याह्यांच्या पुढे एक पाऊल

आमच्या ह्यांची एक खोड मला चाळीस वर्षांत मोडता आली नाही. समोर बरोबरीचा माणूस आला की ह्यांच्या अंगात वारं शिरतं. आणि व्याह्यांपुढे तर विचारूच नका. व्याही दोन पोळ्या खाणार असतील तर हे तीन खातील. व्याही उभे असतील तर हे बसणार नाहीत, मग गुडघे बोंबलेनात का!

त्यात परदेशात लेकीच्या घरी आम्ही आणि व्याही एकाच वेळी पाहुणे. रविवारी जावईबापू म्हणाले, "डोंगरावर एक जुनं चर्च आहे. दीड तासाची चढण. जेवायला परत येऊ."

"मी रोज पाच मैल चालतो," व्याही म्हणाले आणि बुटाच्या नाड्या आवळायला बसले.

झालं. "मग आम्ही काय पांगळे आहोत?" आमचे हे.

मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, हृदयात स्प्रिंग आहे तुमच्या. पाय दुखतोय म्हणा आणि घरी बसा."

"पाय दुखतोय म्हणू? त्यांच्यासमोर?"

आता लपवायची अक्कल माझीच, ते कबूल करते. स्प्रिंग बसवली तेव्हा लेकीचं लग्न ठरत होतं. स्थळ बिचकेल म्हणून मी कुणाला कळू दिलं नाही. लेकीलाही नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्न झालं, वर्ष उलटलं. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

वाटेला पायऱ्या होत्या, पण एकेक गुडघाभर उंच. दोघे म्हातारे पुढे. धाप ऐकू जाऊ नये म्हणून मोठमोठ्याने गप्पा चाललेल्या. मी लेकीबरोबर मागे, आणि माझे डोळे ह्यांच्या मानेवर. आधी मान लाल होती. मग राखेसारखी झाली.

"अहो, पाणी प्या."

"तहान नाही."

"जरा टेका."

"ते टेकलेत का?"

चर्चची पांढरी भिंत दिसायला लागली. दोन वळणं राहिली असतील, तेवढ्यात धुकं उतरलं. हे कठड्याला धरून थांबले, देखावा बघतोय असं दाखवत. धुक्यात कसला देखावा? मी जवळ गेले. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम, ओठ निळे.

"गोळी कुठाय?" मी हळूच विचारलं.

"घरी."

"का?"

"डबीत खडखडते. त्यांना ऐकू गेलं असतं."

हे कठड्यावरून घसरत पायरीवर बसले. लेक किंचाळली, "बाबा!" जावयांनी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं, तसे ते आमच्याकडे वळले. "बाबांना आधी कधी हृदयाचा त्रास होता?"

ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, पण माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

मीसुद्धा 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. समोर व्याही उभे. लेकीला उद्या ह्याच घरात नांदायचंय. शेजारी ह्यांचा श्वास फाटक्या भात्यासारखा. हात हातात घेतला तर बर्फ.

"होता!" मी ओरडले. "दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवली. मीच लपवलं. आणि गोळी घरी ठेवून आलेत हे शहाणे!"

व्याह्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत डबी. आवाज होऊ नये म्हणून गुंडाळलेली.

"विहीणबाई, ह्यातली एक जिभेखाली द्या."

जावई बघतच राहिले. "बाबा, तुम्हाला कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून. आधी फोनवर विचार, देऊ का."

फोनवरच्यांनी हो म्हटलं. मी गोळी ह्यांच्या जिभेखाली ठेवली. त्यांची माणसं चर्चमागच्या रस्त्याने यायला वीस मिनिटं लागणार होती. वर चर्चची घंटा वाजली. त्या देवाची माझी ओळख ना देख, पण ओळखी काढत बसायला वेळ कुणाला होता? म्हटलं, बाबा, तू जो कुणी असशील तो, एवढा माणूस ठेव. ह्यांचे डोळे मिटले की मी गालावर चापट मारायची. उघडले की पुन्हा मिटतील म्हणून जीव टांगणीला. लेक रडत होती, तिला गप्प करायलाही मला आवाज फुटेना.

धुक्यात बूट वाजले. स्ट्रेचर आलं. ह्यांच्या ओठांवर थोडा रंग परतला होता. उचलताना हे पुटपुटले, "व्याही वर पोचले का?"

"नाही हो, मी इथेच आहे," व्याही पायरीवरून म्हणाले.

तेव्हा मात्र माझा आवाज परत आला. सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, ऐका. लपवायची अक्कल माझी होती, ती मी मागे घेतली. पण तुम्ही डोंगराला भ्याला नाहीत, मरणाला भ्याला नाहीत, भ्यालात ते ह्या एका माणसाला. तुमच्याइतका भेकड माणूस मी जन्मात बघितला नाही."